वाटीतली रेघ

दत्ताचा ट्रॅक्टर सुरू झाला की माझ्या पोटात गोळा येतो. हे घरात सांगायची सोय नाही, कारण घरात मी शूर म्हणून प्रसिद्ध आहे. विंचू चपलेनं मारणारी, मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याला चहा न देता परत पाठवणारी म्हातारी. ही शूर म्हातारी रोज सकाळी ओसरीवर पाट टाकून बसते, हातात जपमाळ घेते आणि नातवाच्या इंजिनाचे ठोके मोजते. सुनांना वाटतं, सासूबाई देवाचं नाव घेतायत. घेते ना. पण दोन नावांच्या मधल्या फटीत कान तिकडेच लावलेला असतो.

यंदा पुन्हा टँकर सुरू झाला. पोळ्याला शेवटचा पाऊस आला तो नुसती धूळ बसवून गेला, आणि शिमग्याच्या आत गावच्या आडाचा तळ दिसला. मग दत्तानं मागच्या छपरातला जुना ट्रॅक्टर बाहेर काढला, त्याला टाकी जोडली आणि तळ्याकाठच्या विहिरीवरून पाण्याच्या खेपा सुरू केल्या. त्या ट्रॅक्टरबरोबर छपरातून आणखी बरंच काही बाहेर आलं. तापलेल्या डिझेलचा वास, ओल्या गोणपाटाचा वास, दातांखाली कचकचणारी माती. माझ्या दोन्ही डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरलाय. ट्रॅक्टर मला तांबड्या ढगासारखा दिसतो. पण हे सगळं बघायला डोळे लागत नाहीत.

गावात पहिल्यांदा असाच टँकर लागला त्या उन्हाळ्यात मी एकोणीस वर्षांची होते आणि चौथी पास होते. या दोन गोष्टी एका ठिकाणी आल्या की माणसाला वाटतं, आपल्याला सगळं कळतं. आमच्या गावात चौथी पास सून म्हणजे कलेक्टरीणच. मी चालताना सुद्धा चौथी पास असल्यासारखी चालायचे.

धनी आणि सासूबाई दिवाळीनंतर उसाला गेले होते. खरं तर कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, नवरा-बायकोचा असतो. पण माझ्या जागी सासूबाई गेल्या आणि मला मागं ठेवलं. गावाला सांगितलं, सून नाजूक आहे. मी नाजूक! माहेरी रेड्याला दावं लावणारी मी. खरं कारण घराच्या चार भिंतींतच होतं. आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दिसत नव्हतं.

मामंजी गावच्या सोसायटीच्या ट्रॅक्टरचे ड्रायव्हर, पाण्याच्या खेपा त्यांच्याच. सोसायटीनं तो ट्रॅक्टर कुठल्याशा कारखान्याकडून जुनाच उचललेला. गावात आला तेव्हाच त्याचे केस पिकलेले होते म्हणा ना. त्याची दुखणी मामंजींनाच कळायची. पंपावर तळहात ठेवून सांगायचे, डिझेलच्या नळीत हवा धरली. डोकं कलतं करून ऐकायचे आणि सांगायचे, तिसऱ्या नंबरचं नोझल थुंकतंय. आणि दोन वर्षांपासून त्यांच्या डोळ्यांपुढं धुकं होतं. सोसायटीला कळलं असतं तर त्याच दिवशी त्यांना खाली उतरवलं असतं. मग मामंजी म्हणजे ओट्यावर ठेवलेलं गाठोडं. ते एकदा म्हणाले होते, "हितनं उतरलो की थेट सरनावर चढायचं." हसत म्हणाले होते, पण हात स्टिअरिंगवर घट्ट होते.

म्हणून मी त्यांचे डोळे झाले. मडगार्डवर बसायचं, डोक्यावर पदर, हातात पान्हा. सासऱ्याशी मोठ्यानं बोलायची रीत नाही आणि गावाला तर कळू द्यायचं नाही, म्हणून पान्ह्यानं मडगार्डवर ठोकायचं. एकदा ठोकलं की डावं, दोनदा ठोकलं की उजवं, लागोपाठ ठोकलं की थांबा. शेजारच्या गंगूकाकू बघायच्या आणि म्हणायच्या, "आमच्या येळंला सुना जात्यावर बसायच्या. आता मडगार्डवर बसत्यात. उद्या आमदार व्हत्याल!" मी पदराआड हसायचे आणि आतून घाबरलेली असायचे. रस्त्यात शेळी आली तरी मी लागोपाठ पान्हा ठोकायचे. मामंजी मात्र निवांत. आंधळ्या माणसाला रस्त्याची भीती वाटत नाही. ती सगळी त्याच्या वाटाड्याच्या वाट्याला येते.

लोखंडी सीट उन्हानं तव्यासारखी तापायची, म्हणून माझ्या रुखवतातला सागवानी पाट मी मामंजींना बसायला दिला होता. वर गोणपाटाची घडी. "सुनेच्या पाटावर बसून राज्य करतुया," असं ते म्हणायचे.

इंजिनाची सेवा रोज सकाळी. मामंजींचं बोट आणि माझी नजर. डिझेलची हवा काढताना ते स्क्रू ढिला करायचे आणि विचारायचे, "फेस थांबला का, माय?" मी सांगायचे, "अजून दुधावानी येतंय." मग, "आता ताकावानी." मग, "आता नितळ." की ते स्क्रू आवळायचे. धूर सुद्धा मीच वाचून दाखवायचे. पांढरा म्हणजे इंजिन थंड आहे, काळा म्हणजे ओझं जास्त नाहीतर हवा कमी. "आन निळा दिसला," मामंजींनी मला बजावलं होतं, "तर लाज सोड, माझा खांदा हालीव आन सांग. निळा म्हंजी त्यो तेल खातुया."

आणि ती वाटी. इंजिनाच्या उजव्या अंगाला एक उभं नळकांडं होतं, वरचं तोंड उघडं. त्याची टोपी कुठल्या तरी खड्ड्यात कधीच पडली होती. खाली एक वाटी, खटक्यानं बसवलेली, त्यात तेल. पहिल्या दिवशी मामंजींनी समजावलं.

"हे बघ माय, ह्यो इंजिनाचा हुक्का. बाहीरची हवा ह्या तेलातनं गुडगुड करत जाती. धूळ खाली ऱ्हाती, चांगली हवा वर जाती. पर हुक्क्यात पानी जास्त झालं तर काय व्हतं?"

"तोंडात येतं," मी म्हणाले.

"तुला कसं ठावं?"

माझ्या आजोबांचा हुक्का मी चोरून ओढला होता, हे सासऱ्याला कसं सांगणार? "ऐकलंय," म्हणाले.

"मग रेघंपर्यंतच. एक बोट बी वर न्हाई."

वाटीला आतून रेघ होती. गोल फिरलेली. तिथपर्यंत तेल. त्या उन्हाळ्यात धूळ इतकी की सकाळी वाटी काढली की तेलाची खीर झालेली असायची. रोज ती खीर ओतायची, वाटी डिझेलनं धुवायची, नवं तेल भरायचं. हातांना डिझेलचा वास कायमचा चिकटला. भाकरीला वास, केसांना वास. आणि बांगड्या! पान्हा धरून धरून माझ्या हातात दोन-दोनच बांगड्या उरल्या होत्या. धनी उसावरून परत यायचे होते, आणि मी अशी, भुंड्या हातांची, डिझेलमध्ये तळलेली.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्याच्या दुसऱ्या दिवशी शिरूरचा बाजार होता. सकाळच्या खेपेनंतर मला कासारणीकडं जाऊन बांगड्या भरायच्या होत्या. सकाळी वाटी धुतली असती तर हात पुन्हा नासले असते, आणि कासारणीनं माझा हात हातात घेऊन नाक वाकडं केलं असतं. मग माझ्या चौथी पास डोक्यानं हिशोब केला. आज रेघेपर्यंत घातलं तर एक दिवस पुरतं. दुप्पट घातलं तर दोन दिवस पुरेल. गणितात मी पहिलीपासून हुशार. वाटी काठोकाठ भरली, देवापुढची समई भरावी तशी, आणि खटका लावला. मामंजी समोरच बसून तंबाखू मळत होते.

"रेघंपर्यंत ना, माय?"

"व्हय मामंजी."

हे दोन शब्द मी अजून कुणाला सांगितलेले नाहीत.

दुपारची खेप. विहिरीवर टाकी भरली, तोंडावर ओलं गोणपाट दाबलं आणि निघालो. गावाच्या अलीकडं एक चढ आहे. तिथं इंजिन नेहमीच कण्हायचं आणि मामंजी मान थोडी मागं वळवून विचारायचे, तसं त्या दिवशीही विचारलं.

"धूर कसला?"

मी वर बघितलं. धुराड्यातून निळा धूर येत होता. नुसती झाक नव्हती. मोराच्या मानेसारखा गडद निळा, वळसे घेत. मला लगेच कळलं. हुक्का तोंडात येत होता. एकच शब्द बोलायचा होता. पण तो बोलला की मामंजी ट्रॅक्टर थांबवणार, वाटी उघडणार, बोट बुडवणार. मग "रेघंपर्यंत ना, माय?" याचं उत्तर दुसऱ्यांदा द्यावं लागणार.

"नेहमीचाच," मी म्हणाले.

पोटात पहिला गोळा तेव्हा आला. अजून गेलेला नाही.

आडापाशी बायका उभ्याच होत्या. घागरी, हंडे, डबे, कडेवरची पोरं. टाकी आडात रिकामी करायची आणि मग ज्यानं त्यानं शेंदून घ्यायचं, असा नियम. पण टाकीखाली गळणारं पाणी धरायला पोरं चाकांच्या मधे घुसायची. बॅटरी बसलेली होती, बंद केला की ढकलायला चार गडी लागायचे, म्हणून मामंजी इंजिन चालूच ठेवायचे. मी खाली उतरले. सोसायटीचे चेअरमन आबा छत्री उघडून रांग लावत होते.

आणि इंजिन आपलं आपण वाढायला लागलं.

आधी वाटलं, मामंजींचा पाय पडला. पण मामंजी दोन्ही पाय वर घेऊन बसले होते. आवाज चढत गेला. धडधड गेली, गुरगुर गेली, मग एकच एक किंकाळी. जमिनीतून तळपायाला कळ यावी तशी थरथर. मामंजींनी बंद करायची तार ओढली. काही नाही. पुन्हा ओढली, तार उपसून हातात येईपर्यंत ओढली. काय होणार? तार ओढली की डिझेल बंद होतं. त्याला आता डिझेल नकोच होतं. माझ्या वाटीतलं तेल पिऊन ते धावत होतं, जागच्या जागी, आणि निळ्या-पांढऱ्या धुरात आड, बायका, छत्री सगळं दिसेनासं झालं.

मी पळाले. सगळ्यांच्या आधी पळाले, कारण काय झालंय ते मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. पारामागं जाऊन कान दाबून बसले. घागरी आपटल्याचे आवाज, पोरांच्या हाका. गंगूकाकू ओरडत होत्या, "फुटतंय गं बाई, फुटतंय!" मी डोळे मिटून एवढंच म्हणत होते, देवा, वाटी गळून पडू दे, कुणाला दिसू देऊ नको. लोक मरतील ही भीती होतीच. पण तिच्या आत दुसरी होती, बारीक, घाणेरडी. आपलं उघडं पडेल ही. त्या वयात मला दोन्ही सारख्याच मोठ्या वाटल्या, हे मी आता कबूल करते.

मामंजींना एक उपाय माहीत होता. वरच्या गिअरात टाकायचं, ब्रेक दाबून क्लच सोडायचा, इंजिन गुदमरून मरतं. पण ट्रॅक्टर एक झटका घेतो. आणि चाकांपुढं कोण आहे, मागं कोण आहे, हे त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी गिअरला हात लावला नाही. ते खाली उतरले.

मी पारावरून डोकावले. धूर जरा हलला होता. मामंजी रोज उजवीकडून चढायचे, उजवीकडून उतरायचे. त्यांच्या हातांना इंजिन पाठ होतं ते उजव्या अंगानं. पण त्या दिवशी उजवीकडं बायकांचा कालवा होता, म्हणून ते डावीकडं उतरले होते. आणि इंजिनाला हात लावत, रोजच्या मापानं, वीत-वीत पुढं सरकत होते. नळकांड्याचं तोंड तळहातानं दाबायला. उजवीकडं ज्या जागी नळकांडं होतं, डावीकडं त्याच जागी पंख्याचा पट्टा होता. उन्हाळ्यामुळं बाजूचे पत्रे आम्हीच काढून ठेवलेले. पट्टा फिरताना दिसत सुद्धा नव्हता, नुसती काळी झुळझुळ.

त्यांचा हात तिथून एक वीत होता.

"मामंजी!" मी ओरडले. तीन वर्षांच्या संसारात सासऱ्यापुढं ओरडले नव्हते. "हात मागं घ्या! पंखा हाय तिकडं! उजवीकडनं या! तुमाला दिसत न्हाई, मामंजी, तुमाला दिसत न्हाई!"

हात थांबला.

मग मी कशी धावले ते मला आठवत नाही. टायरवर चढले, सीटवरचा पाट खेचला आणि उजव्या बाजूनं नळकांड्याच्या तोंडावर दाबला. पाट माझ्या हातून ओढला गेला, आतून कुणी ओढावा तसा, आणि घट्ट बसला. इंजिनाला उचकी लागली. एक, दोन. मग सगळं अंग हलवून ते मेलं.

टाकीच्या नळातून पाणी मातीत पडत होतं. टप्. टप्. ते धरायला कुणी पुढं येत नव्हतं.

आबांनी छत्री मिटली. "डायवर, दिसत न्हाई म्हंजी?"

मामंजी बोलले, "पार न्हाई असं न्हाई, आबा. धुकं हाय."

"कवापस्नं?"

"दोन वरीस."

"आन तू लेकराबाळांतनं ट्रॅक्टर घालतूस, बे?"

मामंजी इंजिनाला वळसा घालून माझ्या बाजूला आले, नळकांड्यावरचा पाट चाचपून काढला आणि आत बोट घातलं. बाहेर आलेल्या बोटावरून तेल ओघळत होतं. त्यांनी ते अंगठ्यावर चोळलं, हुंगलं. मग त्यांची मान वळली, बरोबर मी उभी होते तिकडं.

"वाटीत तेल मीच घातलं," ते आबांना म्हणाले. "जास्त झालं. रेघ दिसली न्हाई मला."

अर्ध्या मिनिटापूर्वी सगळं गाव दणाणून सोडणारं माझं तोंड तेवढ्याला उघडलं नाही. उलट गंगूकाकू आल्या, माझा पडलेला पदर माझ्या डोक्यावर नीट घेतला आणि सगळ्यांना म्हणाल्या, "बघा गं, ह्या पोरीनं गाव वाचिवलं. वाघीन हाय वाघीन!"

तेव्हापासून मी शूर आहे. पुढच्या बाजारात कासारणीनं माझ्या हातात दोन बांगड्या वरकड भरल्या, कौतुकानं. त्या फुटेपर्यंत मी भाकरी करताना हात उजेडात धरला नाही.

इंजिन उघडून रिंगा बदलेपर्यंत आठ दिवस गेले. तेवढे दिवस बाया उन्हात दीड कोस चालून पाणी आणत होत्या, आणि वाटेत माझं कौतुक करत होत्या. मामंजी ओट्यावर गाठोड्यासारखे बसले होते. मग सोसायटीनं वडवणीकडचा नवा ड्रायव्हर ठेवला, घारीसारख्या डोळ्यांचा. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर अर्ध्या वाटेत बसला आणि घारीचे डोळे नुसते बघत राहिले. आबा स्वतः आमच्या दारात आले, छत्रीचं टोक मातीत रुतवत. "डायवर, चल बाबा. आन हिलाबी घे." मामंजींनी पंपावर तळहात ठेवला, स्क्रू ढिला करायला लावला आणि भर रस्त्यात, सगळ्यांसमोर, मोठ्यानं विचारलं, "फेस कसा हाय, माय?" पुढं दोन वर्षं नवा ड्रायव्हर सीटवर आणि मामंजी मडगार्डवर. पण ते पुन्हा स्टिअरिंगला शिवले नाहीत.

धन्यांनी त्यांना नंतर अंबाजोगाईला नेलं. डोळ्याचं ऑपरेशन झालं. वाटीच्या बुडाएवढा जाड चष्मा लावून घरी आले. मला वाटलं, नातवाला बघतील, माझ्या कडेवर तेव्हा दत्ताचा बाप होता. बघितलं, त्याच्या गालाला हात लावला. मग सोसायटीच्या छपराकडं निघाले, मी मागं. ट्रॅक्टरची वाटी काढली, पुसली, उन्हात धरली. बराच वेळ बघत होते.

"रेघ तर लई ठळक हाय की गं, माय," म्हणाले.

बस. तेलाचा डबा घेतला, रेघेपर्यंत ओतलं, खटका लावला. त्यानंतर ते दहा वर्षं जगले. ना त्यांनी विचारलं, ना मी सांगितलं. शेवटच्या दुखण्यात मी त्यांचे पाय चेपत बसायचे, तेव्हा रोज ठरवायचे, आज सांगायचं. रोज ते विचारायचे, "जेवलीस का?" आणि माझं राहून जायचं.

सोसायटीनं ट्रॅक्टर मोडीत काढला तेव्हा धन्यांनी तो घरी आणला. मामंजींची आठवण, म्हणाले. मी काय म्हणणार?

पुढच्या आठवड्यात माझं ऑपरेशन, तिथंच, अंबाजोगाईला. दत्ताची बायको पूजा मला समजावते, "आजी, कावून भेता? पाच मिनिटांचं काम असतंय." मी सांगते, सुईची भीती वाटते. पोरगी विश्वास ठेवते. कॉलेज शिकलेली आहे. विहिरीवर दत्ताबरोबर तीच जाते, वाटी तीच धुते. हात नाजूक आहेत तिचे, नुकती नेलपॉलिश लावायला लागली आहे.

मी बसते तो पाट तोच. उलटा करून बघितला तर मधोमध एक काळं गोल वळं आहे, तेलाचं, लाकडात मुरलेलं. राखेनं घासलं, चिंचेनं घासलं, जात नाही.

आज सकाळी मी ओसरीवर बसले होते. दत्ता टाकी भरून आला, दारापुढच्या चढावर इंजिन कण्हलं. जपमाळ थांबली. मला ठोक्यांत काहीतरी वेगळं लागलं. समोर नुसता तांबडा ढग, आणि त्याच्यावर दुसरा, कसल्या रंगाचा ते कळेना. पूजा आज घरीच होती, दारात उभी.

"पूजा, धूर कसला गं?"

तिनं जरा वेळ लावला. अगदी जरासा.

"नेहमीचाच, आजी."

मी उठले. गुडघ्यांनी कुरकुर केली, केली तर केली. पाट काखेत मारला आणि ढगाच्या उजव्या बाजूनं चालायला लागले.